८० मिमी फॅनचं मॉडेल मिग-२१ उतरताना नाक आपटतं. ८एस (आठ सेलची बॅटरी) करू का?

ओझरकर (नाशिक)

नमस्कार मंडळी. रिमोटवरचं फोमचं ट्रेनर (शिकाऊ विमान) आणि प्रॉपवाली स्पोर्ट विमानं सात-आठ वर्षं उडवतोय, जेट मात्र पहिलंच. ईपीओ फोमचं मिग-२१ आहे. ८० मिमीचा १२ पात्यांचा फॅन, ६एस ५००० एमएएच बॅटरी, १२० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), तिन्ही चाकं आत जाणारी. बॅटरीसकट वजन २४८० ग्रॅम.

मिगच का घेतलं ते सांगतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात होते. १९६४ साली तो कारखाना मिग-२१ साठीच उभा राहिला. आमचं सगळं बालपण त्या आवाजाखाली गेलं, विमान वरून गेलं की मांडणीतली भांडी वाजायची. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, त्या दिवशी अण्णा टीव्हीसमोरून जेवायलाही उठले नाहीत. पंधरा दिवसांत मी हे मॉडेल मागवलं. त्यांना माळावर नेऊन हे उडताना आणि नीट उतरताना दाखवायचंय. ते आता ७९ वर्षांचे आहेत.

पाच फ्लाइट झाल्या, त्या अशा.

पहिल्या फ्लाइटला वर गेल्या गेल्या नाक सारखं वरखाली होत होतं. स्टिकवर बोट जरा हललं की विमान उसळी मारायचं. कसंबसं उतरवलं. शेपूट जड असणार असं वाटलं, म्हणून बॅटरी पुढे सरकवली. वायर पुरेना, तेव्हा १५ सेंटिमीटर वायर वाढवली. बॅटरीला एक्सटी६० कनेक्टर आहे आणि ईएससीला ईसी५, त्यामुळे मध्ये अ‍ॅडॅप्टर आला.

त्यानंतर हवेत विमान शांत झालं, पण टेकऑफ लांबला. आमची मुरमाची पट्टी ९० मीटरची. शेवटच्या दहा मीटरपर्यंत पुढचं चाक उचलतच नाही, मग एकदम टुणकन उडी मारून वर जातं. उतरताना थ्रॉटल बंद केला की पाच-सहा फुटांवरून नाक पडतं. एलेव्हेटर (नाक वरखाली करणारं शेपटाचं पंख) पूर्ण ओढूनही उचलत नाही. पुढचा पाय दोनदा वाकला.

पाचव्या फ्लाइटला अप्रोच (उतरायला येणं) लांब गेली म्हणून फुल थ्रॉटल देऊन पुन्हा फिरायला गेलो. आवाज चढला आणि लगेच गळपटला. विमान बाभळीत गेलं. टायमरवर ३ मिनिटं ४० सेकंद झाले होते. पोटाचा फोम चिरला, बाकी वाचलं.

ताकद कमी पडतेय असा माझा अंदाज आहे. हीच मोटर ८एस वर चालवावी का? की धातूचा फॅन बसवावा? घरी लगेज काट्याला शेपूट बांधून मोजलं. पूर्ण चार्ज बॅटरीवर २.९५ किलो ओढ, ९२ अँपिअर, लोडवर २१.८ व्होल्ट.

---

माळरान (पुणे)

आधी एक सांगतो, जेट एप्रिलमध्ये शिकायला घेतलंत हेच मुळात अवघड आहे. सिन्नरकडचा माळ असेल तर सहाशे मीटरच्या वर आहात. दुपारचं तापमान ३६ अंश धरा. समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा तिथली हवा जवळजवळ १४ टक्के विरळ असते. फॅनची ओढ त्याच प्रमाणात घटते, आणि विमानाला तरंगायला सात-आठ टक्के जास्त वेग लागतो. पट्टी तेवढीच, वेग जास्त, ओढ कमी. मी पुण्यात मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत जेट फक्त सकाळी साडेसहा ते आठ काढतो. हिवाळ्यातल्या १२ अंशांच्या सकाळी तेच विमान वेगळंच वाटतं.

आणि ओझरला राहता म्हणून विचारतो, विमानतळापासून लांब जाताय ना? डिजिटल स्कायच्या (सरकारच्या ड्रोन पोर्टलच्या) नकाशावर लाल आणि पिवळा पट्टा बघूनच जागा ठरवा. आमच्याकडे लोहगाव आणि खडकवासला या दोन्ही बाजू गेल्या, त्यामुळे मला पन्नास किलोमीटर गाडी हाणावी लागते, पण त्याला इलाज नाही.

८एस बद्दल माझं मत नाही. मी ७० मिमीच्या वर गेलेलो नाही.

---

ओझरकर

हो, सिन्नरच्या पुढे जातो, नकाशा बघूनच जागा धरलीय. पाचही फ्लाइट संध्याकाळी साडेचारच्या सुमाराच्या होत्या. सकाळचं लक्षातच आलं नव्हतं.

---

वायंडिंगवाला (कोल्हापूर)

भावा, ८एस करू नको. आधी कारण सांगतो, मग तुझ्या विमानाचं बघू. जरा लांब लिहितोय, पण वाच.

माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपाच्या मोटरी येतात, तीन हॉर्सपॉवर, पाच हॉर्सपॉवर. त्या मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. तुझा फॅन ६एस वर ३५ हजारांच्या आसपास फिरतो. पात्याचा मध्य अक्षापासून तीन सेंटिमीटरवर धर आणि पात्याचं वजन एक ग्रॅम धर. त्या एका ग्रॅमला बाहेर खेचणारी ओढ होते ४० किलोच्या घरात. एका पात्याला! आता ६ चे ८ सेल केलेस तर फेऱ्या एक तृतीयांशाने वाढतील, आणि ही ओढ वर्गाने वाढते, म्हणजे ७० किलोच्या पुढे. करंटही वर्गाने, ९२ चा १६० च्या वर. वॅट तर घनाने, सव्वादोन पटीच्याही वर. प्रत्यक्षात बॅटरी दबते म्हणून एवढं पूर्ण होणार नाही, पण दिशा हीच. मोटरचं इनॅमल आधी काळं पडेल की पातं आधी सुटेल एवढाच प्रश्न उरतो. पातं सुटलं तर ते फॅनचं घर आणि फोम फाडून बाहेर येतं. बेंचवर असताना फॅनच्या रेषेत कधीच उभं राहू नये ते याच्यासाठी. तुझा ईएससी ६एस पर्यंतचाच असेल तर त्याच्या कॅपॅसिटरवर ३५ व्होल्ट लिहिलेलं असेल. ८एस पूर्ण चार्जला ३३.६ होतात, वर झटके वेगळे.

आता मुख्य मुद्दा. तुझं वजन २४८० ग्रॅम, ओढ २.९५ किलो. वजनापेक्षा ओढ जास्त आहे. खऱ्या मिगलाही एवढं भाग्य सहसा नव्हतं. या विमानाला ताकद कमी नाही. जी आहे ती वाटेत सांडतेय.

तुझाच आकडा घे. पूर्ण चार्ज म्हणजे २५.२ व्होल्ट, लोडवर २१.८. म्हणजे ३.४ व्होल्ट पडले. ९२ ने भाग, ३७ मिलिओहम येतात. बॅटरी, वायर, कनेक्टर, सगळं मिळून. नव्या चांगल्या ६एस ची बेरीज २० च्या आत यायला पाहिजे. तुझा चार्जर सेलगणिक आतला रोध दाखवत असेल तर तो आकडा टाक.

वायरचं म्हणशील तर ही चूक मी पंपवाल्यांनाही रोज सांगतो. ईएससी ते बॅटरी ही वायर वाढवायची नाही. ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट चालूबंद करत असतो, आणि लांब वायर प्रत्येक वेळी उलटा झटका मारते. तो झटका ईएससीचे कॅपॅसिटर सोसतात. सोसून सोसून गरम होतात, डोकं फुगतं, आणि एक दिवस हवेत ईएससी जळतो. तुझ्या कॅपॅसिटरचं डोकं बोटाने चाचपून बघ, सपाट पाहिजे, जराही फुगीर नको. वाढवायचीच झाली तर मोटरच्या बाजूच्या तीन वायरी वाढव, तिथे चालतं. बॅटरीच्या बाजूला दुसरा इलाजच नसेल तर दर दहा सेंटिमीटरला कमी रोधाचे जादा कॅपॅसिटर ईएससीजवळ लावावे लागतात. आणि तो अ‍ॅडॅप्टर आजच काढून टाक. एक्सटी६० हा ६० अँपिअरचा गडी. ९२ अँपिअरला एक मिलिओहमचा सांधा साडेआठ वॅट उष्णता काढतो, आणि तुझ्या वाटेत असे तीन-चार सांधे आहेत.

पण वायर वाढवावी लागली का? बॅटरी पुढे सरकवली म्हणून. बॅटरी पुढे का सरकवली? नाक वरखाली करत होतं म्हणून. इथे थांब आणि मला तीन गोष्टी सांग.

एक, मॅन्युअलमध्ये सीजीची (गुरुत्वमध्याची) खूण कुठे आहे, आणि आज बॅटरी ठेवून, चाकं खाली असताना तो प्रत्यक्षात कुठे येतो? खुणेपासून किती मिलिमीटर पुढे-मागे?

दोन, पहिल्या फ्लाइटला एलेव्हेटर किती हलत होता, आणि एक्स्पो (स्टिकच्या मधल्या भागातली हालचाल मऊ करणारी सेटिंग) किती होता? मिगचं मागचं आडवं पंख अख्खंच फिरतं. प्रॉपच्या विमानात फक्त मागची पट्टी हलते, त्या हिशेबाने फिरवलं तर हे फार जोरात लागतं.

तीन, विमान सपाट फरशीवर तिन्ही चाकांवर ठेव. पंखाच्या मुळाशी मोबाइलचा लेव्हल लाव. नाक वर आहे का खाली?

माझी शंका सांगून ठेवतो. शेपूट जड नव्हतंच. स्टिक जास्त हलत होती.

---

ओझरकर

दादा, मनापासून आभार. रात्रीच सगळं मोजायला बसलो. अण्णाही शेजारी खुर्ची ओढून बसले होते, लेव्हल त्यांनीच धरला.

सीजी: मॅन्युअलच्या खुणेपेक्षा १४ मिमी पुढे. एवढा पुढे असेल असं वाटलं नव्हतं.

एलेव्हेटर: पहिल्या दिवशी ट्रान्समीटरवर १०० टक्के ट्रॅव्हल, एक्स्पो शून्य. मॉडेल नवीन बनवलं तेव्हा जुन्या ट्रेनरची सेटिंग कॉपी केली होती, तेच राहिलं. मागच्या कडेला मोजलं तर दोन्ही बाजूंना २६ मिमी जातंय. मॅन्युअलमध्ये कमी रेटला (हालचालीच्या कमी मर्यादेला) १४ लिहिलंय.

लेव्हल: नाक अर्धा अंश खाली. पहिला पाय वाकल्यावर जो बदलला तो किंचित आखूड आला असणार.

सेलचा रोध, मिलिओहममध्ये: ४, ४, ५, ४, ९, ४. पाचव्या सेलचा ९ बघून मी तीनदा मोजलं, तोच येतो. म्हणजे बेरीज ३० आणि वायर-कनेक्टरचे ७.

मग बॅटरी साडेतीन मिनिटं बेंचवर थांबत थांबत चालवली आणि शेवटी फुल थ्रॉटल दिला. १९.६ व्होल्ट, ७५ अँपिअर, ओढ २.३८ किलो. सेल चेकरवर बाकीचे ३.३३ च्या आसपास होते आणि पाचवा २.९५.

एका कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं आहे. फोटोत नीट येत नाही, पण नखाला लागतं.

---

वायंडिंगवाला

सापडलं म्हणायचं. बाभळीत विमान घातलं ते त्या पाचव्या सेलने. परत फिरायला फुल थ्रॉटल दिलास, तो सेल तीनच्या खाली कोसळला, त्याने अख्ख्या बॅटरीचं व्होल्टेज पाडलं आणि ईएससीने बॅटरी वाचवायला मोटर तोडली. ईएससीने त्याचं काम चोख केलं. ती बॅटरी आता जेटमध्ये नको, आणि ट्रेनरमध्येही नको. १२ व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये लावून मोकळ्यावर हळूहळू पूर्ण रिकामी कर, मग इ-कचऱ्यात दे. घरातल्या कचऱ्यात टाकू नको.

आता सगळं उलट क्रमाने करायचं.

जादा वायर कापून टाक. नव्या बॅटरीला थेट ईसी५ लाव, अ‍ॅडॅप्टर नको. सोल्डर करताना मोठं टोक आणि ८० वॅटची इस्त्री घे. बारक्या इस्त्रीने वरून चकाकतं आणि आत थंड राहतं. सांधा झाल्यावर वायर हातात धरून ओढून बघ. फुगलेला कॅपॅसिटर बदलून घे, किंवा ईएससीच बदल. मी असतो तर ईएससीच बदलला असता, कारण त्याने आत आणखी काय सोसलंय ते दिसत नाही.

बॅटरी मागे घे. सीजी मॅन्युअलच्या खुणेवर आण. पहिल्या फ्लाइटला दोन-तीन मिमी पुढे चालेल, १४ नाही. आणि लक्षात ठेव, मिगचं पुढचं चाक दुमडताना पुढे जातं, त्यामुळे चाकं आत गेली की सीजी थोडा आणखी पुढे सरकतो. म्हणून मोजताना चाकं खाली ठेव.

एलेव्हेटर कमी रेटला १४ मिमी, ३० टक्के एक्स्पो. जास्त रेटला १८, एक्स्पो तेवढाच. उतरताना जास्त रेटवर. ट्रॅव्हल सॉफ्टवेअरमध्ये ५० टक्के करून भागवू नको, सर्व्हो हॉर्नच्या (सर्व्हो मोटरच्या दांड्याच्या) आतल्या भोकात लिंक लाव. सॉफ्टवेअरने कमी केलंस तर सर्व्होची अर्धी पायरी वाया जाते आणि हॉर्नवर ढिलाई राहते. अख्खं फिरणारं पंख एक मिलिमीटर ढिलं असलं तरी वेगात ते थरथरतं.

नाक जमिनीवर एखादा अंश वर पाहिजे. चाकांमधलं अंतर साधारण ४०० मिमी असेल, तर मागच्या दोन्ही पायांच्या तारा आठ मिमी कापल्यास की एक अंशाच्या वर फरक पडतो. कापण्याआधी पाय आत दुमडून चाक खोबणीत बसतं का ते बघ. नाक खाली असेल तर पट्टीवर पळताना हवा पंखाला खाली दाबते, चाक उचलत नाही, आणि एकदा उचललं की एकदम उडी मारतं. तुझी ती टुणकन उडी तिथली आहे.

आणि फॅन बाहेर काढलाच आहेस तर रोटर बॅलन्स करून घे. माझी पद्धत सांगतो. दुकानात दोन जुने पातळ ब्लेड लाकडाच्या ठोकळ्यात उभे रोवलेले आहेत, धार वर. रोटरमध्ये बरोबर मापाची स्टीलची पिन घालतो आणि पिनची दोन टोकं त्या दोन धारांवर ठेवतो. पंखा बंद, खिडकी बंद, श्वासही बाजूला. रोटर डुलतो, डुलतो, आणि जड बाजू खाली घेऊन थांबतो. वरच्या पात्याच्या मुळाशी, हबच्या आतल्या भिंतीला नेलपॉलिशचा एक ठिपका. वाळू द्यायचा, परत ठेवायचा. माझ्या मागच्या रोटरला पाच ठिपके लागले, दीड तास गेला. शेवटी तो जिथे ठेवाल तिथे थांबायला लागला. एवढ्या खटाटोपाचं कारण, दीड सेंटिमीटरवर ०.१ ग्रॅम जरी जास्त असला तरी ३५ हजार फेऱ्यांना तो दोन किलोचा धक्का होतो, सेकंदाला ५८० वेळा. बेअरिंग त्यानेच जातं, ओढ त्यानेच कमी येते, आणि तो जो किंचाळणारा आवाज येतो तोही तोच. बसवताना बोल्टला निळं थ्रेडलॉकर लाव, लाल नको.

धातूच्या फॅनचा विचार सोडून दे. जड रोटर फिरायला जास्त वेळ घेतो, आणि तुला नेमका उलटा गुण पाहिजे.

---

घारीचीनजर (ठाणे)

मध्येच बोलते, पण विमानात जायरो (विमान आपोआप सावरणारं यंत्र) आहे का? रिसीव्हरमध्येच असेल तरी बघा. बॅटरी, पाय, सर्व्होचे हॉर्न असं सगळं बदलल्यावर जायरोची दिशा पुन्हा तपासलीच पाहिजे. मी एकदा सर्व्हो बदलला आणि ट्रान्समीटरवर रिव्हर्स केला. स्टिकने सगळं बरोबर हलत होतं, मग निघाले. जायरो मात्र उलटा राहिला होता. विमान पट्टी सोडल्यावर दोन सेकंदांत पाठीवर झालं. नऊ महिन्यांची मेहनत होती. ते तुकडे गोळा करताना जे वाटलं ते दुसऱ्या कुणाला वाटू नये म्हणून सांगते.

तपासायचं असं. विमान हातात घ्या, जायरो चालू. नाक झटकन वर उचला, मागच्या पंखाची मागची कड खाली गेली पाहिजे. उजवा पंख झटकन खाली करा, उजवा एलेरॉन (पंखाची मागची पट्टी) खाली गेला पाहिजे. नाक डावीकडे वळवा, रडर (शेपटाची उभी पट्टी) उजवीकडे. स्टिकला हात न लावता. हे मी आता प्रत्येक दिवशीच्या पहिल्या फ्लाइटआधी करते, मोठ्याने म्हणत करते.

फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर विमानाने काय करायचं ती सेटिंग) सुद्धा. ट्रान्समीटर बंद केल्यावर थ्रॉटल शून्यावर येतो का ते विमान बांधून ठेवून बघा. मागची थ्रॉटलची जागा धरून ठेवणारं फेलसेफ जेटमध्ये फार घातक आहे.

---

ओझरकर

जायरो रिसीव्हरमध्ये आहे, पाचही फ्लाइटला बंद ठेवला होता. ताई, तुमचं वाचून आज तिन्ही दिशा तपासल्या, रडर उलटा निघाला! सर्व्हो मी बदललाही नव्हता, पहिल्यापासूनच तसा असणार. पुढच्या वेळी जायरो चालू करणारच होतो, म्हणून विशेष आभार.

दादा, एक विचारायचं राहिलं. सगळं नीट केलं तरी उतरताना थ्रॉटल कधी बंद करायचा? प्रॉपच्या विमानाची सवय अशी की पट्टीच्या टोकाला थ्रॉटल बंद आणि मग तरंगत यायचं.

---

वायंडिंगवाला

प्रॉपच्या विमानात प्रॉपची हवा शेपटावरून जाते. जरा थ्रॉटल दिला की एलेव्हेटरला लगेच जीव येतो. जेटमध्ये फॅनची हवा मागच्या नळीतून सरळ बाहेर पडते, शेपटाला तिचा काही उपयोग नाही. शेपटाला हवा मिळते ती फक्त विमानाच्या वेगातून. त्यात थ्रॉटल बंद केला की थांबलेला फॅन म्हणजे ८० मिमीचं बूच. विमान ब्रेक लागल्यासारखं मंदावतं. आणि शून्यावरून फुल थ्रॉटल दिलास तर फॅनला वेग घ्यायला सेकंदभर लागतो, पाच फुटांवर तेवढा वेळ नसतो.

म्हणून थ्रॉटल बंद करायचाच नाही. शेवटच्या वळणापासून ३५-४० टक्क्यांवर ठेव, नाक थोडं वर, आणि उंची कमी-जास्त करायची ती थ्रॉटलने. मागची चाकं टेकली की मग बंद. परत फिरायचं असेल तर ते शेवटच्या वळणातच ठरव. टायमर साडेतीन मिनिटांवर लाव आणि तो वाजला की पहिली अप्रोच, म्हणजे दोन परत फेऱ्यांपुरतं बॅटरीत राहतं. उतरल्यावर सेल ३.७५ च्या खाली दिसले तर पुढच्या वेळी टायमर कमी कर.

---

ओझरकर

हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बिसचंही असंच होतं. मिग-२१ बिसच्या फ्लॅपवर इंजिनातून काढलेली हवा फुंकायचे, त्यामुळे विमान कमी वेगाला तरंगायचं. पण ती हवा इंजिन चालू असेपर्यंतच, पायलटने पॉवर काढली की फ्लॅपचा जोर गेला. पायलट पॉवर ठेवूनच उतरायचे, आणि तरीही वेग भरपूर असायचा, मागून पॅराशूट सोडायला लागायचं. अण्णा त्या फ्लॅपच्या असेंब्लीवर होते. हातांनी हवेत फ्लॅपची फट दाखवत होते, इतकी बारीक, म्हणे, की तिथे एक चरा राहिला तरी परत पाठवायचे.

---

ओझरकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. नवी बॅटरी, नवा ईएससी, वायर मूळ लांबीची, थेट ईसी५. रोटरला तीन ठिपके लागले. नेलपॉलिश बायकोची, रंग गडद लाल. मागचे पाय आठ मिमी कापले. वजन २४१० ग्रॅम झालं, वायर आणि अ‍ॅडॅप्टर गेले, बॅटरीही थोडी हलकी आहे.

बेंचवर, फॅन तोच, मोटर तीच: २३ व्होल्ट, १०२ अँपिअर, ओढ ३.२५ किलो. म्हणजे ३०० ग्रॅम वायरीत आणि त्या सेलमध्ये अडकले होते.

रविवारी पावणेसातला पट्टीवर. थंड होतं, वारा नाकावर. ताईंच्या पद्धतीने जायरो मोठ्याने म्हणत तपासला. विमान साधारण ५५ मीटरवर हलकं झालं आणि नाक आपसूक उचललं, उडी नाही. हवेत तीन क्लिक एलेव्हेटर ट्रिम, बस्स. साडेतीन मिनिटांना अप्रोच, थ्रॉटल ३८ टक्के. पहिली लांब गेली, वळणातच ठरवून परत फिरलो, या वेळी आवाज गळला नाही. दुसऱ्या वेळी मागची दोन चाकं टेकली, मग थ्रॉटल बंद, मग पुढचं चाक हळूच खाली आलं. उतरल्यावर सेल ३.७९ ते ३.८१.

त्या दिवशी चार फ्लाइट केल्या, चारही उतरली. अण्णा पुढच्या रविवारी येणार आहेत. त्यांनी विचारलंय की हे पॅराशूट सोडतं का. शेपटाच्या मुळाशी खऱ्यासारखी डबी फोममध्ये आहे, पण पोकळ नाही. कुणी ८० मिमीवर छोटं पॅराशूट बसवलंय का? कापड कुठलं, व्यास किती, आणि सर्व्होने सोडलं की चाकं टेकल्यावर विमान वळत नाही ना?

---

घारीचीनजर

मी बसवलेलं नाही. पण पहिल्यांदा विमान जमिनीवर पळवत सोडून बघा, हवेत नको. ओढीची गाठ फोमला नको, आतल्या कार्बन रॉडला बांधा. आणि चुकून वर असताना स्विच लागू नये म्हणून चाकं खाली असतानाच तो चालेल असं मिक्सिंग लावा.

---

वायंडिंगवाला

छत्रीचं जुनं कापड चालतं, वजनाला काही नाही. ३० सेंटिमीटर व्यासापासून सुरू कर, मध्ये भोक ठेव म्हणजे डोलणार नाही. दोरी शेपटाच्या मध्यरेषेवरच आली पाहिजे. अण्णांना माझा नमस्कार सांग, आणि त्या फ्लॅपच्या फटीचं माप त्यांना आठवत असेल तर इथे लिही, मला खरंच जाणून घ्यायचंय.